हुद्दा नको, हुन्नर द्या : कर्नल ऑल्कॉट यांचे स्मरण

आपल्या विहारावर, धम्म परिषदेच्या मंडपावर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात जो निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी पट्ट्यांचा धम्मध्वज डौलाने फडकतो, त्याला आजचा आकार मिळवून देण्यात एका अमेरिकन वकिलाचा हात होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट हे त्यांचे नाव. १७ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. श्रीलंकेत हा दिवस आदराने पाळला जातो. कोलंबोच्या फोर्ट रेल्वे स्थानकासमोर त्यांचा पुतळा उभा आहे, शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. आपल्याकडे मात्र हे नाव क्वचितच घेतले जाते. त्याला कारणही आहे. ऑल्कॉट म्हटले की थिऑसॉफिकल सोसायटी आठवते, आणि त्या सोसायटीतले गूढविद्येचे, अदृश्य महात्म्यांच्या पत्रांचे जंजाळ बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या माणसाला रुचणारे नाही. आम्हांलाही ते रुचत नाही. तरीही आज आम्ही ऑल्कॉट यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. व्यवसायात नाव कमावलेला, वयाने आणि अनुभवाने पिकलेला माणूस जेव्हा समाजाच्या कामाला लागतो, तेव्हा त्याने समाजाला नेमके काय द्यावे, या प्रश्नाचे ठोस उत्तर या चरित्रात आहे.

ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतात ऑरेंज या गावी एका प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि तरुण हेन्रीला कॉलेज अर्धवट सोडावे लागले. तो ओहायोत शेतीवर राबायला गेला. तिथून आल्यावर त्यांनी शास्त्रीय शेतीचा अभ्यास केला, शेतीचे शिक्षण देणारी शाळा चालविली आणि साखर देणाऱ्या ज्वारीच्या जातीवर १८५७ साली पुस्तक लिहिले. पुढे ते न्यूयॉर्क ट्रिब्यून या नामांकित दैनिकाचे शेतीविषयक संपादक झाले. १८५९ साली गुलामगिरी उलथून टाकण्यासाठी शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊन यांना व्हर्जिनियात फाशी दिली गेली, त्या वेळी गुलामांच्या मालकांच्या त्या मुलुखात जीव धोक्यात घालून बातमी आणणारे ट्रिब्यूनचे वार्ताहर ऑल्कॉटच होते.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. आजारपणामुळे आघाडीवरून परतावे लागल्यावर युद्ध खात्याने त्यांच्यावर वेगळीच जबाबदारी सोपविली. सैन्याला माल पुरविणारे ठेकेदार खोटी बिले लावून सरकारची तिजोरी लुटत होते. ती लूट शोधून काढण्याचे काम ऑल्कॉट यांना मिळाले. कागदपत्रे तपासणे, साक्षीदार शोधणे, हिशेबातली खोट पकडणे हे काम त्यांनी इतक्या नेटाने केले की नौदल खात्यानेही त्यांची मदत घेतली. कर्नल ही उपाधी त्यांना या काळात मिळाली. १८६५ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खून झाला, तेव्हा त्या कटाचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांतही त्यांचा समावेश होता. युद्धानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, १८६८ साली सनद घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये विमा, महसूल व जकात या क्षेत्रांतले नावाजलेले वकील म्हणून जम बसविला.

शेतीतज्ज्ञ, पत्रकार, तपास अधिकारी आणि वकील अशी चार कामे हातात मुरलेला हा माणूस १८७४ साली भुताखेतांच्या कथित चमत्कारांचा तपास करायला व्हरमाँटमधल्या एका शेतघरी गेला आणि तिथे त्याची गाठ मादाम ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंशी पडली. १८७५ साली दोघांनी इतर सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली. डिसेंबर १८७८ मध्ये ऑल्कॉट यांनी चालती वकिली सोडून अमेरिकेचा किनारा सोडला. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ते मुंबईत उतरले आणि सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हलेपर्यंत, म्हणजे १८८२ च्या अखेरपर्यंत मुंबईतच राहिले.

सिलोनमध्ये त्या वेळी बौद्धांची स्थिती काय होती? बहुसंख्य असूनही बौद्ध माणूस स्वतःच्या देशात दुय्यम झाला होता. शाळा मिशनऱ्यांच्या, सरकारी अनुदान मिशनऱ्यांना, नोकरी मिशनरी शाळेत शिकलेल्याला. बौद्धांच्या स्वतःच्या आधुनिक शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण समाज मेलेला नव्हता. १८७३ साली पानदुरा येथे भदंत मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरो यांनी हजारो लोकांसमोर पाद्र्यांशी जाहीर वाद घालून बौद्धांना ताठ मानेने उभे केले होते. त्याच वर्षी भदंत हिक्कडुवे सुमंगल थेरो यांनी कोलंबोत विद्योदय परिवेण हे विद्यापीठ सुरू केले होते. म्हणजे जागृती सिलोनच्या भिक्खूंनी आणि उपासकांनी आधीच केली होती. कोणी गोरा उद्धारकर्ता आला म्हणून बौद्ध जागे झाले, हा समज आम्हांला मान्य नाही. गुणानंद थेरो यांच्या वादाची हकीकत वाचूनच ऑल्कॉट यांनी सिलोनशी पत्रव्यवहार सुरू केला होता. मे १८८० मध्ये ते सिलोनला आले आणि २५ मे रोजी गाले येथील विहारात त्यांनी व ब्लाव्हाट्स्की यांनी जाहीरपणे त्रिशरण-पंचशील ग्रहण केले.

पंचशील घेऊन, हार-तुरे स्वीकारून, दोन-चार भाषणे करून ऑल्कॉट परत फिरले असते तरी लोकांनी त्यांचा उदोउदो केला असता. ते तेवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून त्यांचे चरित्र आज सांगण्यासारखे आहे. त्यांनी पाहिले की या समाजाजवळ श्रद्धा आहे, विद्वान भिक्खू आहेत, पैसे देणारे दानशूर आहेत. नाही ती यंत्रणा. शाळा उभी करायची तर निधी हवा, निधी हवा तर विश्वस्त हवेत, विश्वस्त हवेत तर हिशेब हवेत. ठेकेदारांची चोरी पकडणाऱ्या माणसाला बेहिशेबी पैशाने संस्था कशी मरते, हे कोणी शिकवायला नको होते. त्यांनी बैलगाडीतून गावोगाव फिरून राष्ट्रीय शिक्षण निधी गोळा केला. ही गाडीही त्यांनी स्वतः आखून करून घेतली होती. तीत झोपण्याची, जेवणाची, लिहिण्याची सोय होती. १८८६ च्या दौऱ्यात शिक्षण खात्यातला एक तरुण कारकून रजा काढून दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर निघाला आणि नंतर नोकरी सोडून कायमचा धम्मकार्याला लागला. तोच पुढे अनागारिक धम्मपाल म्हणून जगाला माहीत झाला. त्याच वर्षी कोलंबोत ३७ विद्यार्थ्यांवर जी इंग्रजी बौद्ध शाळा सुरू झाली, तिचे आनंद कॉलेज झाले. कँडीत १८८७ साली धर्मराज कॉलेज आणि गालेत १८९२ साली महिंद कॉलेज उभे राहिले. ऑल्कॉट यांचे निधन झाले तेव्हा बौद्धांच्या शाळांची संख्या दोनशेच्या वर गेली होती.

दुसरे काम लेखणीचे. गावोगाव फिरताना त्यांना दिसले की बौद्ध घरातल्या मुलाला धम्माची साधी ओळख करून देणारे एकही सुटसुटीत पुस्तक नाही, आणि मिशनऱ्यांच्या हातात मात्र प्रश्नोत्तरांची पुस्तके तयार आहेत. त्यांनी त्याच पद्धतीने बौद्ध प्रश्नोत्तरी लिहिली. १८८१ साली ती इंग्रजी व सिंहली भाषांत प्रसिद्ध झाली. पुढे तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि चाळीसच्या वर आवृत्त्या निघाल्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे पुस्तक छापण्यापूर्वी त्यांनी ते सुमंगल थेरो यांच्यापुढे ठेवले. थेरोंनी ते बारकाईने तपासले, खटकलेल्या जागी दुरुस्त्या सुचविल्या, वाद झाले आणि मान्यता मिळाल्यावरच ते छापखान्यात गेले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने त्या समाजातल्या जाणकाराकडून आपले काम तपासून घेतले.

तिसरे काम वकिलीचे, आणि वकील म्हणून ते आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. २५ मार्च १८८३ रोजी ईस्टरच्या दिवशी कोलंबोच्या कोटहेना भागात गुणानंद थेरो यांच्या विहाराकडे निघालेल्या बौद्धांच्या मिरवणुकीवर कॅथलिक जमावाने हल्ला केला. त्यात एका बौद्धाचा जीव गेला, अनेक जखमी झाले. गुन्हेगारांवर धड खटला उभा राहिला नाही. आपल्या वाचकांना ही कहाणी ओळखीची वाटेल. अत्याचार होतो, तपास रेंगाळतो, साक्षी-पुराव्याअभावी आरोपी मोकळे सुटतात आणि आपल्या हाती उरतो तो निषेधाचा मोर्चा. सिलोनच्या बौद्धांनी जानेवारी १८८४ मध्ये बौद्ध संरक्षण समिती स्थापन केली आणि आपले वकीलपत्र ऑल्कॉट यांच्या हाती दिले. ते लंडनला गेले आणि वसाहत खात्याचे मंत्री लॉर्ड डर्बी यांच्या खात्यापुढे त्यांनी बौद्धांची बाजू मांडली.

त्यांनी केलेल्या मागण्या पाहा. दंगलीतल्या आरोपींवर खटला चालवावा. बौद्धांना धर्माचरणाचे पूर्ण हक्क मिळावेत. वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी मिळावी. धार्मिक मिरवणुकीत वाद्ये वाजविण्यावरचे निर्बंध उठवावेत. बौद्ध विवाह निबंधक नेमावेत. विहारांच्या जमीन-मालमत्तेचा प्रश्न सोडवावा. यात नुसता आक्रोश नाही. प्रत्येक मागणी अशी की तिच्यावर सरकारला हो किंवा नाही म्हणावे लागेल. सगळे मिळाले नाही. दंगलीतल्या आरोपींना शिक्षा झाली नाही ती नाहीच. पण १८८५ साली गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी वैशाख पौर्णिमेची सुट्टी जाहीर केली आणि २८ एप्रिल १८८५ ला ती पहिल्यांदा पाळली गेली. १८८९ साली विहारांच्या मालमत्तेविषयी कायदाही झाला. त्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी कोलंबोच्या समितीने तयार केलेला बौद्ध ध्वज फडकला. मूळचा लांबट ध्वज मिरवणुकीत हाताळायला अडचणीचा होतो, तो राष्ट्रीय ध्वजांच्या मापाचा असावा, ही व्यवहारी सूचना ऑल्कॉट यांची. विसाव्या शतकाच्या मध्याला जगभरच्या बौद्धांनी तोच ध्वज आपला म्हणून स्वीकारला. १८८९ साली ते हा ध्वज घेऊन धम्मपालांसह जपानला गेले होते. १८९१ साली त्यांनी जपान, सिलोन, ब्रह्मदेश आणि चितगाव इथल्या बौद्धांना अड्यारला एकत्र आणून सर्व पंथांना मान्य होतील अशी चौदा सूत्रे तयार केली. स्थविरवादी आणि महायानी यांना एका कागदावर आणणे हेही वकिलाचेच काम.

आता मद्रास. इथे ऑल्कॉट यांचे चरित्र थेट आपल्या चळवळीच्या दाराशी येते. अड्यारच्या सोसायटीच्या रम्य आवाराच्या आसपास परैयरांच्या झोपड्या होत्या. सोसायटीत उच्चवर्णीयांचा, विशेषतः ब्राह्मणांचा भरणा होता आणि वेद-उपनिषदांच्या थोरवीवर व्याख्याने झडत होती. बाहेर त्याच धर्माने माणूसपण नाकारलेली मुले धुळीत खेळत होती. ऑल्कॉट यांनी १८९४ साली या मुलांसाठी पहिली मोफत शाळा काढली. पुढे अशा पाच शाळा झाल्या. त्यांतल्या एका शाळेला संत कवी तिरुवल्लुवर यांचे नाव दिले होते. परदेशातून आलेल्या शिक्षिकांनी तिथे बालशिक्षणाच्या नव्या पद्धती आणल्या. ज्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नव्हते, त्यांना खेळातून आणि गाण्यातून शिकविणारी शाळा मिळाली. ऑल्कॉट यांच्या स्मरणार्थ चालणारी शाळा चेन्नईत आजही आहे.

१८९८ साली पंडित अयोथीदास आपल्या सहकाऱ्यांसह ऑल्कॉट यांना भेटले. अयोथीदास हे परैयर समाजातले सिद्ध वैद्य, तमिळ विद्वान, वयाने पन्नाशी ओलांडलेले. आम्ही मूळचे बौद्ध, ब्राह्मणी धर्माने आम्हांला अस्पृश्य केले, आम्हांला पुन्हा बुद्धाकडे जायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. ऑल्कॉट यांनी त्यांना सिलोनला नेले. तिथे सुमंगल थेरो यांच्या विद्योदय परिवेणात अयोथीदासांनी पंचशील घेतले आणि मद्रासला परतून शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. नागपूरच्या धम्मक्रांतीच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट. याच चळवळीतले विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांनी १९०७ साली बौद्ध धम्मावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. ऑल्कॉट वकील, अयोथीदास वैद्य, नरसू प्राध्यापक. तिघांनीही आपला व्यवसाय हेच समाजकार्याचे हत्यार केले.

ऑल्कॉट यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हे चरित्र न राहता आरती होईल. हातांच्या स्पर्शाने रोग बरे करण्याचे दौरे त्यांनी काढले. ठेकेदारांची खोटी बिले पकडणाऱ्या या माणसाने महात्म्यांची पत्रे मात्र खरी मानली. तपासाची जी कसोटी त्यांनी सरकारी हिशेबाला लावली, ती स्वतःच्या श्रद्धेला लावली नाही. त्यांच्या परैयर शाळा प्राथमिक शिक्षणापुरत्या होत्या. परैयराचा मुलगा बॅरिस्टर होईल, घटना लिहील, हे त्यांच्या नकाशावर नव्हते. सर्व धर्मांचे मूळ एकच, या थिऑसॉफीच्या भूमिकेमुळे त्यांना ब्राह्मणी धर्मावर अयोथीदासांसारखा घाव कधी घालता आला नाही. ज्या धम्मपालांना त्यांनी घडविले, त्यांच्याशीही अखेरच्या वर्षांत त्यांचे बिनसले. हुन्नर देणारा माणूस पुढारी होऊ पाहतो, तेव्हा अशी फूट पडते. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथे वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सर्व आम्ही आज का सांगतो आहोत? आपल्या समाजात आता निवृत्त सनदी अधिकारी आहेत, न्यायाधीश आहेत, अभियंते, डॉक्टर, बँक अधिकारी, प्राध्यापक, लेखापाल आहेत. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपल्या कानांत आहे. १९७८ पासून बामसेफने समाजाचे ऋण फेडण्याचा विचार कर्मचाऱ्यांत रुजविला. पैसा देणारे पुढे आले, हे नाकारून चालणार नाही. पण निवृत्त साहेब बहुधा जयंतीच्या मंचावर प्रमुख पाहुणे म्हणून येतात, नावामागे माजी लावलेला हुद्दा वाचून दाखवला जातो, शाल-श्रीफळ होते आणि साहेब गाडीत बसतात. तीस-पस्तीस वर्षांत कमावलेला हुन्नर त्यांच्याबरोबर घरी परत जातो.

समाजाला गरज त्या हुन्नराची आहे. वकिलीच्या निमित्ताने आम्ही पाहतो, कित्येक विहारांच्या जागेचा सात-बारा नीट नाही, विश्वस्त बदलल्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे गेलेली नाही, वर्षानुवर्षे हिशेब तपासणी झालेली नाही. मग दोन गट पडतात आणि विहाराला कुलूप लागते. हे काम निवृत्त तलाठ्याचे, तहसीलदाराचे, लेखापालाचे आहे. अत्याचाराच्या गुन्ह्यात पहिल्या चोवीस तासांत काय नोंदवावे, पंचनाम्यात काय सुटू नये, हे निवृत्त पोलीस अधिकारी गावच्या कार्यकर्त्याला दोन तासांत शिकवू शकतो. सिलोनच्या बौद्धांनी १८८४ साली स्वतंत्र विवाह निबंधक मागितले. आपण मात्र अजूनही हिंदू विवाह कायद्यातच मोजले जातो आणि बौद्ध विवाह कायद्याची मागणी सभांच्या ठरावांत फिरते आहे. तिचा कलमवार, वादात टिकणारा मसुदा निवृत्त न्यायाधीशांनी आणि कायद्याच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून पक्का का करू नये? महाबोधी महाविहाराचा प्रश्न घ्या. १९४९ च्या कायद्याने बौद्धांना व्यवस्थापनात पूर्ण अधिकार दिला नाही. २०२५ साली बोधगयेत भिक्खू उपोषणाला बसले. त्यांच्या मागे रस्त्यावरची माणसे हवीत, तशी कागदाची लढाई लढणारी माणसेही हवीत.

ऑल्कॉट यांची बैलगाडी आज संग्रहालयातली वस्तू वाटेल. तिच्यात बसून त्यांनी जे केले ते जुने झालेले नाही. आपल्या साहेबांनी एवढेच करावे. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात मंचावरची खुर्ची न शोधता वस्तीतल्या विहारात जावे, विश्वस्तांसमोर सतरंजीवर बसावे आणि म्हणावे, तुमची फाईल दाखवा. तिथले काम संपले की शेजारच्या गावच्या विहारात जावे. फाईल प्रत्येक गावात आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.